तारेचा झोळ आणि सुपारीचा हिशेब

चिपळूणहून कराडकडे निघालेली एस.टी. पोफळी मागे टाकते आणि कुंभार्ली घाटाला लागते. इथे प्रवाशांचे दोन तट पडतात. एक डोळे मिटून घेणाऱ्यांचा, दुसरा लिंबू हुंगत खिडकीला चिकटणाऱ्यांचा. मी दुसऱ्यातला. पोटात कालवायला लागलं की लांबच्या वस्तूवर नजर ठेवावी, असं आमच्याकडे सांगतात. पोफळीत लांबची वस्तू शोधावी लागत नाही. मान वर केली की तारा. एका टॉवरवरून सुटतात, दरीवर पोट सोडतात आणि पुढच्या टॉवरवर पुन्हा चढतात.

मागच्या सीटवरच्या पोराने बापाला विचारलं, "बाबा, या तारा एवढ्या लोंबतायत का? ताणून बांधायला काय झालं?" बाप म्हणाला, "सरकारी काम!" आणि झोपला. हा लेख त्या पोरासाठी आहे.

गावाच्या नावात पोफळ आहे, म्हणजे सुपारीचं झाड. पण महाराष्ट्राला पोफळी माहीत आहे ती कोयनेमुळे. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायला निघालेलं पाणी शिवसागर जलाशयात अडवलं, सह्याद्री पोखरून पश्चिमेकडे वळवलं आणि साधारण पावणेपाचशे मीटर खाली सोडलं. डोंगराच्या पोटातलं वीजघर १९६२ मध्ये सुरू झालं. आज कोयनेचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट क्षमता आहे. शाळेच्या सहली येतात, बोगदे आणि टर्बाइनच्या गोष्टी ऐकून जातात. तारांकडे कोणी बघत नाही. आणि सगळ्यात सुंदर गणित तर तिथेच, भर उन्हात लटकलेलं आहे.

शब्द आपलाच आहे

तार किंवा दोरी मध्ये खाली येते त्याला मराठीत 'झोळ' म्हणतात. बाळाची झोळी त्याच घरातली. मुंबईने त्याचा 'झोल' करून लबाडीच्या अर्थाने वापरला, हा तारेवर अन्यायच झाला. कारण तारेच्या बाबतीत उलटं आहे. झोळ पडलेली तार प्रामाणिक. दोन खांबांमध्ये अगदी सरळ, आडवी, कुठेही न वाकलेली तार कोणी दाखवली तर समजावं, इथे झोल आहे. वजन असलेली तार तशी राहूच शकत नाही.

वलणावरची नऊवारी

पटत नसेल तर पावसाळ्यातल्या कोकणी पडवीत या. आजीचं वलण असे सहा मीटरचं, भिंतीतल्या दोन खुंट्यांना बांधलेलं. वलण लोंबलेलं आजोबांना खपत नसे. ते दोरी कचकचून आवळत आणि चार दिवसांत एक खुंटी गिलाव्यासकट बाहेर येई. दोष गवंड्याला मिळे. खरा दोषी भूमिती होती.

दोरीच्या मधोमध दोन किलोची ओली साडी टांगली आणि दोरी १० सेंटीमीटर खाली आली, तर दोरीत ताण येतो ३० किलोंचा. आजोबांनी आवळून झोळ ५ सेंटीमीटरवर आणला की ताण ६० किलो. एक सेंटीमीटरवर आणला तर ३०० किलो! आणि झोळ शून्य करायचा हट्ट धरला तर ताण अनंत. साडी तेवढीच, दोन किलोची. ती वर उचलून धरायला दोरीचा थोडा तरी तिरकेपणा लागतो. पूर्ण आडवी दोरी फक्त डावीउजवीकडे ओढते, वरच्या बाजूला तिचा जोर शून्य.

३५० मीटर, ७.५ मीटर, ४३ सेंटीमीटर

आता वलणावरून विजेच्या लाइनवर येऊ. २२० केव्हीच्या, म्हणजे किलोव्होल्टच्या, लाइनवर सर्रास वापरली जाणारी तार मीटरला साधारण १.६२ किलो भरते. दोन टॉवरांमधलं अंतर ३५० मीटर धरा. तार तुटायला सव्वातेरा टनांच्या आसपास जोर लागतो. सुरक्षेसाठी ताण त्याच्या चौथाईवर, सुमारे ३३०० किलोंवर ठेवला, असं समजा. म्हणजे आठ-नऊ रिकाम्या रिक्षा टांगल्यासारखं.

झोळ काढायचं सूत्र अकरावीच्या पोराला जमेल इतकं सोपं आहे. तारेचं मीटरमागे वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले आठपट ताण. उत्तर येतं ७.५ मीटर. दोन मजली घराएवढं पोट.

एवढं पोट सुटायला जादा तार किती लागली असेल? आमच्या घरी विचारून पाहिलं. कोणी दहा मीटर म्हणालं, कोणी पंचवीस. खरं उत्तर आहे ४३ सेंटीमीटर. साडेतीनशे मीटरांवर हातभरदेखील नाही! हाच हिशेब उलटा वाचला की लाइनमनची डोकेदुखी कळते. तार आणखी फक्त १० सेंटीमीटर सैल झाली की झोळ तब्बल ८० सेंटीमीटरने वाढतो.

घाटातला झेब्रा

या तारांना जनावरांची नावं आहेत. थट्टा नाही. आत पोलादी गाभा आणि भोवती ॲल्युमिनियमचे पदर असलेल्या तारांची आपल्याकडची नावं अशी: १३२ केव्हीला सहसा पँथर, २२० ला झेब्रा, ४०० ला मूस. गावात येणाऱ्या लहान लाइनवर रॅबिट, वीझल, डॉग. वरच्या हिशेबातली तार झेब्राच होती. तिच्यात ॲल्युमिनियमचे ५४ आणि पोलादाचे ७ धागे पिळलेले असतात. वीज मुख्यतः ॲल्युमिनियम वाहून नेतं, ताणाचा मोठा वाटा पोलाद सोसतं. आपल्या संसारांतही अशी वाटणी असते, फक्त पोलाद कोण यावर वाद होतो.

लाइन किती केव्हीची आहे हे खालून ओळखायचं असेल तर टॉवरवर लोंबणाऱ्या इन्सुलेटरच्या बशा मोजा. नऊच्या आसपास असतील तर १३२, तेरा-चौदा असतील तर २२०, तेवीसच्या आसपास असतील तर ४००. घाटात एस.टी. बंद पडली की वेळ बरा जातो.

गॅलिलिओची चूक, बर्नूलींचं भांडण

लटकत्या तारेचा किंवा साखळीचा आकार नेमका कोणता? गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात साखळी अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, अगदी जवळ जाते असं लिहिलं. फेकलेल्या दगडाची वाट तशीच असते. त्याने तर पॅराबोला झटपट काढायला भिंतीवर साखळी टांगण्याची युक्ती सुचवली. झोळ जितका उथळ तितकं जुळणं चांगलं, हेही त्याने नोंदवलं होतं.

१६४६ मध्ये क्रिस्तियान हॉयगन्स नावाच्या सतरा वर्षांच्या डच पोराने सिद्ध केलं की हा आकार पॅराबोला नाही. सतराव्या वर्षी आपण बारावीच्या क्लासची फी वसूल होते की नाही या चिंतेत असतो. पण मग आहे काय, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पुढची चव्वेचाळीस वर्षं प्रश्न लटकलेलाच. १६९० मध्ये बाझलच्या याकोब बर्नूलीने तो जाहीर आव्हान म्हणून छापला. वर्षभरात तीन उत्तरं आली. एक हॉयगन्सचं, आता साठी ओलांडलेल्या. दुसरं लायब्निट्झचं. तिसरं योहान बर्नूलीचं, म्हणजे याकोबच्या धाकट्या भावाचं. आव्हान देणाऱ्याला स्वतःला मात्र सुटलं नव्हतं! घरातल्या धाकट्याने थोरल्याचं गणित सोडवलं की काय होतं, हे भाऊबंदकीत वाढलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. योहानने पुढे १७१८ साली एका पत्रात मिटक्या मारत लिहिलं की, मला यासाठी एका रात्रीची झोप घालवावी लागली, आणि सकाळी धावत भावाकडे गेलो तर तो अजून गॅलिलिओसारखा पॅराबोलातच अडकला होता. तेव्हा याकोबला जाऊन तेरा वर्षं झाली होती. उत्तर द्यायला तो येणार नव्हता.

या आकाराला नाव मिळालं कॅटेनरी. लॅटिनमध्ये 'कातेना' म्हणजे साखळी. आपण साखळीवक्र म्हणू. रत्नागिरीकरांसाठी एक नोंद: दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्या काळच्या केंब्रिजमधल्या राउथच्या 'स्टॅटिक्स'मध्ये दोऱ्या-साखळ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. थोडक्यात, लोंबत्या दोरीने आपल्या जिल्ह्यालाही घाम फोडलेला असणार.

सावकार आणि कर्जदार

साखळीवक्रात दडलाय कोण? चक्रवाढ व्याज. खरंच. वर्षाला शंभर टक्के व्याज क्षणाक्षणाला मुदलात मिसळत गेलं तर रुपयाचे वर्षाअखेर २ रुपये ७१ पैसे आणि वर चिल्लर होतात. २.७१८ हा आकडा याच प्रश्नातून पुढे आला, आणि १६८३ मध्ये या व्याजाचा माग काढणारा माणूस होता, कोण बरं, तोच याकोब बर्नूली! पुढे गणितज्ञ ऑयलरने या संख्येला 'ई' म्हटलं.

आता कागदावर दोन रेघा काढा. एक उजवीकडे चक्रवाढीने चढत जाणारी, सावकाराच्या वहीसारखी. दुसरी तिचंच आरशातलं रूप, उजवीकडे घसरत जाणारी. प्रत्येक जागी दोन्हींच्या बरोबर मधला बिंदू घ्या. ते बिंदू जोडले की साखळीवक्र तयार. डाव्या टोकाला एकीचा जोर, उजव्या टोकाला दुसरीचा, मध्ये दोघींची तडजोड, तोच झोळ. याकोबने आव्हानाच्या सात वर्षं आधीच किल्ली हातात घेतली होती आणि कुलूपही त्यानेच आणून ठेवलं. दोन्ही एकाच घरातली आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

पॅराबोला आणि साखळीवक्र यांत फरक कशामुळे पडतो? वजन कशावर वाटलंय, यामुळे. साखळी कडेला तिरकी होते, तिथे जमिनीवरच्या एका फुटावर साखळी एका फुटापेक्षा जास्त असते, म्हणून वजनही जास्त. झुलत्या पुलात उलट. तिथे मुख्य दोरखंडाला खालचा सपाट रस्ता तोलायचा असतो, आणि रस्त्याचं वजन प्रत्येक आडव्या फुटाला सारखं. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटचे मोठे दोर पॅराबोलाच्या जवळ जातात. आपला वांद्रे-वरळी सागरी सेतू या यादीत बसत नाही. त्याच्या केबल खांबावरून तिरक्या, ताठ येतात. फोटो काढताना 'झुलता पूल' म्हणणारे खूप भेटतात.

पाच मिलिमीटरची भानगड

एवढी भांडणं, एवढी रात्रीची जागरणं. आता आपली झेब्रा घ्या. ३५० मीटर अंतर, ३३०० किलो ताण. झोळ एकदा गॅलिलिओच्या पॅराबोलाने काढा, एकदा अस्सल साखळीवक्राने. साडेसात मीटरांत फरक पडतो पाच मिलिमीटर. तारेवर कावळा बसला तरी याहून जास्त हालचाल व्हायची. म्हणून साध्या अंतरांसाठी इंजिनिअर आजही खुशाल पॅराबोला वापरतात. चुकलेला गॅलिलिओ रोज कामाला येतो. रुंद दरी ओलांडताना मात्र जपावं लागतं. तीच तार, तोच ताण, ८०० मीटरची उडी: झोळ ३९ मीटर आणि दोन सूत्रांत फरक १२-१३ सेंटीमीटर.

अजून एक गंमत. जगातले सगळे साखळीवक्र एकाच आकाराचे असतात, फक्त लहान-मोठे. नऊवारीवरची मोहनमाळ दोन चिमटींत धरून लोंबू द्या आणि मनातल्या मनात काही हजार पट मोठी करा. घाटावरची तार म्हणजे त्या मोठ्या माळेचा अगदी तळाचा, उथळ तुकडा. मंगळसूत्राचं मात्र तसं नाही. मध्ये वाट्यांचं वजन आलं की तळाशी टोक येतं आणि एका वक्राचे दोन होतात. तेच वलणाचं साडी टांगल्यावर.

खालचा टॉवर वर ओढला जातो

सपाटीवर तारेचा सगळ्यात खालचा बिंदू दोन टॉवरांच्या मधोमध. घाटात एक टॉवर वर, एक खाली. मग तो बिंदू खालच्या टॉवरकडे सरकतो. आपल्या ३५० मीटरच्या झेब्राला दोन टॉवरांच्या उंचीत ३० मीटरांचा फरक मिळाला की सगळ्यात खालचा बिंदू थेट खालच्या टॉवरवर येऊन बसतो. फरक त्याहून वाढला तर? बिंदू दोन टॉवरांच्या बाहेर जातो, म्हणजे हवेत कुठेच उरत नाही. तार खालच्या टॉवरपासूनच चढायला लागते आणि त्याला खाली दाबायचं सोडून वर उपटू पाहते. लाइनवाले याला 'अपलिफ्ट' म्हणतात. ३० मीटर म्हणजे कुंभार्लीसारख्या घाटात दोन-तीन वळणांचा मामला. अशा जागी तार नुसती लोंबती न ठेवता दोन्ही बाजूंनी ओढून बांधणारे भक्कम टॉवर लागतात, किंवा तारेला वजनं टांगावी लागतात. हे ३० कुठून आले? झोळाच्या चौपट. साडेसात चोक तीस. ही चौपट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

गरम झाली की खाली येते

तार उन्हाने तापते आणि स्वतःच्या विजेनेही तापते. तापली की लांबते, आणि दहा सेंटीमीटरांची करामत आपण पाहिली आहे. म्हणून तार ओढताना त्या दिवशीचं तापमान बघून, तक्त्यातून झोळ ठरवतात. वैशाखातल्या दुपारी तार देखणी ताणून बांधली तर पौषातल्या पहाटे ती आखडून टॉवरच्या मुळावर उठेल. आणि पौषात बांधताना झोळ जास्त ठेवला तर वैशाखात ती झाडाला भेटायला येईल. जमिनीपासून किती वर राहायचं याचे नियम ठरलेले आहेत. २२० केव्हीला सुमारे ७ मीटर, ४०० केव्हीला ८.८४ मीटर, तेही तार सगळ्यात तापलेली असताना.

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत हा झोळ महागात पडला. ओहायो राज्यात भाराने तापलेल्या लाइन खाली आल्या, वेळेवर न छाटलेल्या झाडांना टेकल्या आणि एकामागून एक बंद पडत गेल्या. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी लाइनखालच्या फांद्या तोडायला माणसं येतात, तेव्हा आंब्याची फांदी गेली म्हणून आपण भांडतो. भांडा, पण ही तारीख आठवून भांडा.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गोलघुमट

पोफळीवरून जाणारा हा रस्ता गुहागर-विजापूर. म्हणजे एका टोकाकडे लटकत्या तारा आणि दुसऱ्या टोकाला गोलघुमट. या दोघांना जोडणारा माणूस लंडनचा रॉबर्ट हूक. १६७५ मध्ये त्याने एका पुस्तकाच्या शेवटी नुसती अक्षरं उलटसुलट करून छापली, दुसऱ्या कोणी श्रेय लाटू नये म्हणून. उलगडा छापला गेला १७०५ मध्ये, हूक वारल्यावर दोन वर्षांनी. अर्थ असा की, लवचिक साखळी जशी लोंबते, तशीच उलटी केलेली ताठ कमान उभी राहते. साखळीत फक्त ओढ असते, दाब नसतो. उलटी केली की फक्त दाब उरतो, ओढ नाही. आणि दगड दाब हवा तेवढा सोसतो, ओढ मात्र त्याला झेपत नाही.

महंमद आदिलशहाचा मृत्यू १६५६ चा. त्याच्यासाठी बांधलेला सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट हूकच्या कोड्याआधीच विजापुरात उभा होता. तो काही साखळीवक्राच्या आकाराचा नाही, बराचसा अर्धगोल आहे. पण त्याची भिंत इतकी जाड आहे की दाबाची उलटी साखळी तिच्या पोटात कुठेतरी मावून जाते. विजापूरच्या गवंड्यांनी समीकरण मांडलं नव्हतं. त्यांनी जाडी मांडली. मला विचाराल तर हिशेब चोख होता.

उलट्या साखळीचं वेड पुढे बार्सिलोनाच्या गौदी या वास्तुकाराला लागलं. तो दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या टांगून चर्चचं आख्खं मॉडेल उलटं लटकवत असे आणि आकार उलटा करून बघे. अमेरिकेत सेंट लुईसला १९६५ मध्ये पूर्ण झालेली कमान ६३० फूट उंच आणि ६३० फूटच रुंद आहे. तीही साखळीवक्राच्या कुळातली, फक्त पायाशी जाड आणि माथ्याशी बारीक.

जाता जाता चार

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. चिपळूण स्टेशनवर उभे राहून वर बघा. दोन तारा दिसतील. वरची झोळ घेतलेली, तिचं रेल्वेतलं नावच कॅटेनरी. तिला कमी-जास्त लांबीच्या उभ्या तारांनी खालची टांगलेली, ती जवळजवळ सपाट. इंजिनाचा हात या सपाट तारेवर २५,००० व्होल्ट घेत सरकतो. वरचीने वाकायचं म्हणजे खालचीला सरळ राहता येतं.

दोन बांगड्या साबणाच्या पाण्यात बुडवून समोरासमोर हळूच दूर करा. मधला पडदा आत चिमटतो, त्याची कड साखळीवक्र. हे ऑयलरने १७४४ मध्ये दाखवलं. बांगडीची त्रिज्या तीन सेंटीमीटर असेल तर अंतर चार सेंटीमीटर होता होता पडदा फुटतो.

चौकोनी चाकांची सायकल गचके न देता चालू शकते. रस्ता फक्त उलट्या साखळीवक्रांच्या उंचवट्यांचा हवा आणि प्रत्येक उंचवट्याची लांबी चाकाच्या एका बाजूएवढी. अमेरिकेतल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात स्टॅन वॅगन या गणितज्ञाची अशी तीनचाकी आहे. आमच्याकडे उंचवट्यांचा रस्ता तयार आहे. चाकंच गोल निघाली.

आणि पावसानंतर घाटातल्या कोळ्याच्या जाळ्याचा मोकळा धागा बघा. दवाच्या थेंबांनी सारखा लगडलेला. त्याने राउथ वाचलेला नाही.

सुपारीचा हिशेब

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तार ओढून झाली. साडेसात मीटर झोळ आला की नाही, हे खालून कसं मोजायचं? दुर्बिणीने मोजतात, टॉवरवर फळ्या बांधून मोजतात. पण एक पद्धत अशी आहे की तिला फक्त एक दोरी आणि एक घड्याळ लागतं. वीज सोडण्याआधी टॉवरजवळ तारेवरून दोरी टाकायची आणि खसकन एक हिसका द्यायचा. तारेतून लाट पळत पलीकडच्या टॉवरपर्यंत जाते, आपटून परत येते आणि हातातल्या दोरीला टपकन ठोका देते. तेवढे सेकंद मोजायचे. वर्ग करायचा. ०.३०७ ने गुणायचं. झोळ मीटरमध्ये हजर!

यात तारेचं वजन नाही. ताण नाही. अंतरसुद्धा नाही. झेब्रा असो, रॅबिट असो, साडेतीनशे मीटर असो की शंभर. तार ताणलेली असली की लाट जोरात पळते आणि झोळही कमी असतो. तार जड असली की लाट मंद आणि झोळ जास्त. ज्या कारणांनी एक बदलतं त्याच कारणांनी दुसरं, म्हणून सगळी कारणं काटली जातात आणि उरतं फक्त पृथ्वीचं ओढणं. साडेसात मीटर झोळाला लाट परत यायला ४.९५ सेकंद लागतात. हाताची चूक कमी व्हावी म्हणून तीन फेऱ्या मोजतात, म्हणजे पंधरा सेकंदांत मोजणी पूर्ण.

पृथ्वीचं ओढणं आलं म्हणजे सुपारी आली. पोफळीवरून झोळाएवढ्या उंचीवरून, म्हणजे साडेसात मीटरांवरून, एक सुपारी निसटली तर जमिनीवर यायला तिला १.२४ सेकंद लागतात. याची चौपट करा. ४.९५. लाटेची एक फेरी म्हणजे सुपारी पडायच्या वेळेच्या बरोबर चौपट, झोळ कितीही असो. पोफळीच्या तारेला लागू, पडवीतल्या वलणालाही लागू.

वलणावर करून बघा. लांब सुती दोरी घ्या, झोळ ४० सेंटीमीटर ठेवा, एका टोकाशी टिचकी मारा आणि लाटेच्या तीन फेऱ्या मोजा. साडेतीन सेकंदांच्या किंचित अलीकडे घड्याळ थांबेल. विजेच्या तारेच्या वाटेला मात्र जायचं नाही, बंद आहे असं कोणी सांगितलं तरी. आणि वलण रिकामं हवं. ओल्या साडीसकट हे गणित चालत नाही.